क्षणात विरून जाणाऱ्या केंद्रकाला रचना कसली?

परभणीहून एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: 'मॅडम, ओगॅनेसॉनचं केंद्रक एक मिलिसेकंदही टिकत नाही. अशा केंद्रकाला रचना असते, हे कशाच्या बळावर म्हणायचं? ती मोजतात कशी? आणि मराठवाड्यात शिकणाऱ्याला या विषयात शिरता येतं का?'

मी मूळची सेलूची. जड केंद्रकांच्या क्षयावर गेली बरीच वर्षं काम करते आहे. हाच प्रश्न मलाही तुझ्याच वयात पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो मिलिसेकंद बघू. ओगॅनेसॉन म्हणजे 118 प्रोटॉनांचं मूलद्रव्य. ओगॅनेसॉन-294 चं (294 म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं विरायला लागणारा काळ, सुमारे 0.7 मिलिसेकंद आहे. आपल्याला हा काळ नगण्य वाटतो, कारण आपण तो आपल्या घड्याळाने मोजतो. केंद्रकाच्या घड्याळाने मोज. आतला प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन प्रकाशाच्या साधारण पाव वेगाने फिरतो आणि केंद्रकाची त्रिज्या सुमारे आठ फेम्टोमीटर (एक फेम्टोमीटर म्हणजे 10⁻¹⁵ मीटर). एक फेरी पुरी व्हायला 10⁻²¹ सेकंदाहूनही कमी वेळ लागतो. म्हणजे एका मिलिसेकंदात त्याच्या 10¹⁸ च्या वर फेऱ्या होतात. पृथ्वीने जन्मापासून सूर्याभोवती साधारण 450 कोटी फेऱ्या मारल्या आहेत. त्या हिशेबाने ओगॅनेसॉनचं केंद्रक आपल्या सूर्यमालेपेक्षा कोट्यवधी पटींनी 'जुनं' होऊन मरतं. नव्या मूलद्रव्याला मान्यता द्यायची तर त्याचं केंद्रक निदान 10⁻¹⁴ सेकंद टिकावं, असा दंडक आहे, आणि तोही केंद्रकाच्या मानाने बराच लांबचा काळ आहे. तेव्हा कक्षा, परिवलन, जोड्या हे सगळं घडायला तिथे वेळच वेळ असतो.

आता प्रश्न उलटा करू. इतकं जड केंद्रक एवढा वेळ टिकतंच कसं? केंद्रक हा नुसता विद्युतभारित द्रवाचा थेंब मानला, तर प्रोटॉन वाढतील तसं त्यांचं एकमेकांना ढकलणं पृष्ठताणावर मात करतं. 104 प्रोटॉनांच्या आसपास विखंडनाला, म्हणजे केंद्रक दुभंगण्याला, अडवणारा बांध जवळजवळ संपतो. थेंबाच्या हिशेबाने ही केंद्रकं जन्मायलाच नको होती. ती जन्मतात, कारण आतले कण थरांत, म्हणजे कवचांत मांडलेले असतात, आणि कवच भरत आलं की बंधन घट्ट होतं. 1949 साली मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी 2, 8, 20, 28, 50, 82, 126 या जादुई संख्यांचा उलगडा केला. 1963 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. अतिजड केंद्रकांत ही मांडणी नुसती शोभेची नसते. ते अख्खं केंद्रक मांडणीच्याच जिवावर उभं असतं. म्हणून 'इतक्या कमी वेळात रचना कसली' या प्रश्नाला माझं उत्तर असं, की जो काही वेळ मिळतो तो रचनेनेच मिळवून दिलेला आहे.

यासाठी मी विद्यार्थ्यांना नेहमी फर्मियमची तीन भावंडं दाखवते. फर्मियम-256 चं अर्धायुष्य सुमारे 2.6 तास, ते मुख्यतः आपोआप दुभंगून जातं. दोन न्यूट्रॉन वाढवले की फर्मियम-258, आणि त्याचं अर्धायुष्य 0.37 मिलिसेकंद. काळ कोटीहून जास्त पटींनी घसरला, तोही केवळ दोन न्यूट्रॉनांनी! कारण दुभंगल्यावर 258 चे दोन्ही तुकडे 50 प्रोटॉन आणि 82 न्यूट्रॉन असलेल्या जादुई कथिलाच्या अगदी जवळ जातात. तुटण्याची वाट सोपी होते. आणि मधलं फर्मियम-257? ते 100 दिवस टिकतं. तिथे एक न्यूट्रॉन बिनजोडीचा आहे. केंद्रक लांबट होत जाताना त्या एकट्या कणाला आपली कक्षा सहजी बदलता येत नाही, तो अडून बसतो आणि विखंडन लांबतं. या तीन आकड्यांत कवचंही आहेत, जोड्याही आहेत आणि विखंडनही. त्यांच्यापुढे थोडा वेळ शांतपणे बस.

अल्फा क्षयासाठी (यात केंद्रकातून दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांचा एक गोळा बाहेर पडतो) तुला प्रयोगशाळेतही जायला नको. आपल्याकडे सप्ताहाला, वरातीला गॅसबत्त्या असायच्या, आठवतं? निदान घरच्या मोठ्यांना विचार. त्या बत्तीच्या जुन्या मेंटलमध्ये थोरियम असायचं. थोरियम-232 चं अर्धायुष्य सुमारे 1400 कोटी वर्षं, आणि त्याच्या अल्फाची ऊर्जा 4 एमईव्ही (केंद्रकाच्या जगातलं ऊर्जेचं एकक; त्याचा हजारावा भाग म्हणजे केईव्ही). त्याच साखळीत खाली पोलोनियम-212 येतं. त्याची अल्फा 8.78 एमईव्हीची आणि अर्धायुष्य सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. ऊर्जा जेमतेम दुप्पट झाली, काळ 10²⁴ पटींनी आटला. गायगर आणि नटाल यांना हा संबंध 1911 मध्येच दिसला होता. कारण 1928 मध्ये गॅमोने, आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी सांगितलं: अल्फा कण विद्युत प्रतिकर्षणाच्या भिंतीवरून उडी मारत नाही, भिंतीतूनच पलीकडे झिरपतो, आणि भिंत किंचित पातळ झाली तरी झिरपण्याची शक्यता प्रचंड वाढते. आमच्या कामात याचा थेट उपयोग होतो. ऊर्जा मोजली की अर्धायुष्याचा अंदाज बांधता येतो. मोजलेलं अर्धायुष्य त्या अंदाजापेक्षा शंभरपट जास्त निघालं, तर समजायचं की आत काहीतरी अडलं आहे: कोणत्या तरी कणाची कक्षा जनक (आधीच्या) आणि जन्य (क्षयानंतर उरलेल्या) केंद्रकांत जुळत नाही.

आता मोजणी. शिशाचा पातळ थर दिलेलं चाक, म्हणजे आमचं टार्गेट, गरागरा फिरत असतं, कारण एका जागी किरण पडत राहिला तर शिसं वितळेल. ते 327 अंशांलाच वितळतं. त्यावर कॅल्शियम-48 च्या आयनांचा झोत सोडायचा. एक पार्टिकल-मायक्रोअँपिअर झोत म्हणजे सेकंदाला सहा लाख कोटींहून जास्त आयन. त्यातला एखादा शिशाच्या केंद्रकात पुरता मिसळतो, बाकी सगळे तसेच पुढे जातात. मग हवं ते केंद्रक निवडायचं कसं? खळ्यावर ज्वारी उफणताना उंचावर उभं राहून सुपातून रास सोडतात. वारा भुसा लांब नेतो, दाणा पायाशी पडतो. आमचा सेपरेटर हेच करतो, फक्त वाऱ्याच्या जागी चुंबक असतं. विरळ हेलियम भरलेल्या चुंबकातून जाताना झोतातले हलके आयन जास्त वळतात आणि बाजूला अडवले जातात. जड केंद्रक कमी वळतं आणि मायक्रोसेकंदाच्या आसपास शेवटच्या सिलिकॉन डिटेक्टरमध्ये जाऊन रुततं.

त्या सिलिकॉनवर पुढून आडव्या आणि मागून उभ्या बारीक पट्ट्या असतात, म्हणजे तो हजारो चौकटींत विभागलेला असतो. केंद्रक कोणत्या चौकटीत, कोणत्या क्षणी रुतलं याची नोंद होते. नंतर त्याच चौकटीत अल्फा दिसली, मग त्याच चौकटीत दुसरी, तिसरी, आणि शेवटी विखंडनाचा मोठा ठोका, की एक वंशावळ हाती येते. नातवाची ओळख पक्की असेल, तर आजा कोण होता ते उलटं मोजत सांगता येतं; दर पिढीला दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन मिळवत जायचं.

याचं सगळ्यात हृद्य उदाहरण मला जपानच्या रिकेन प्रयोगशाळेतलं वाटतं. कोसुके मोरिता यांच्या गटाने बिस्मथवर जस्त-70 चा झोत सोडून 113 वं मूलद्रव्य शोधलं. 2004, 2005 आणि 2012 अशा वर्षांत मिळून फक्त तीन घटना. झोत प्रत्यक्ष चालू होता ते दिवस साडेपाचशेच्या वर. पहिल्या दोन साखळ्या चार अल्फांनंतर डब्नियम-262 पाशी विखंडनाने संपल्या. तिसरी मात्र सहा अल्फा देत मेंडेलेव्हियम-254 पर्यंत, म्हणजे ओळखीच्या घरापर्यंत पोहोचली. त्या तिसऱ्या साखळीने नातं पक्कं केलं आणि पुढे निहोनियम हे नाव मिळालं. कॅल्शियम-48 वापरून केलेल्या, रशियातल्या दुब्ना प्रयोगशाळेच्या साखळ्यांना ही सोय नव्हती. त्या अनोळखी केंद्रकांतच विखंडनाने संपत. म्हणून त्यांच्या निष्कर्षांना मान्यता मिळायला वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता, असं माझं मत आहे.

पण नुसती साखळी म्हणजे रचना नव्हे. रचना बारकाव्यांत असते. नोबेलियम-253 घे. त्याच्यात बिनजोडीचा एक न्यूट्रॉन आहे. अल्फा निघून गेल्यावर त्या न्यूट्रॉनला आपली जुनीच कक्षा हवी असते. पण जन्य फर्मियम-249 मध्ये ती कक्षा तळाला नसून सुमारे 280 केईव्ही वर आहे. म्हणून क्षय मुख्यतः त्या वरच्या पातळीवर होतो आणि तिथून गॅमा किरण किंवा इलेक्ट्रॉन निघतो. अल्फाच्या क्षणीच गॅमा पकडला, की दोन केंद्रकांतल्या कक्षांचा क्रम एकमेकांशी ताडून बघता येतो. सिद्धांतवाल्यांना आम्ही जे देतो ते हेच. 114 प्रोटॉनांच्या पलीकडे कवच कुठे पुरं भरतं हे ज्या कक्षांवर ठरतं, त्यांतल्या काही या हलक्या भावंडांत विकृत आकारामुळे खाली उतरलेल्या असतात. तिकडे घटना दिवसाला एकही मिळत नाही. नोबेलियमच्या घटना मात्र तासाला पुष्कळ मिळतात. म्हणून शेजारच्या अंगणात उभं राहून पलीकडचं घर बघायचं.

इथे एक सापळा आहे, आणि मी त्यात पडले आहे. परदेशातल्या एका प्रयोगात आम्हाला ओळखीच्या अल्फा शिखराच्या उजवीकडे एक नवं शिखर दिसलं. दोन रात्री आम्ही ती नवी पातळी मानून चाललो. प्रत्यक्षात गॅमाऐवजी निघालेला इलेक्ट्रॉन त्याच सिलिकॉनच्या चौकटीत थांबत होता आणि त्याची ऊर्जा अल्फाच्या ऊर्जेत मिसळत होती. चूक माझ्याच विश्लेषणातली होती. तेव्हापासून मी शिकवते: अल्फाचा वर्णपट बघितला की आधी इलेक्ट्रॉनची बेरीज तपासायची, मग बोलायचं. कॅलिब्रेशनचंही तसंच. बाहेर ठेवलेल्या अमेरिशियम-241 ची 5.486 एमईव्हीची रेषा चांगली, पण ती एकटी पुरत नाही. आत रुतलेल्या केंद्रकातून अल्फा निघते तेव्हा मागे ढकलल्या गेलेल्या जन्य केंद्रकाची थोडी ऊर्जाही सिलिकॉनमध्येच जमा होते. बाहेरच्या स्रोताला ती नसते. म्हणून आत रुतवलेल्या, ओळखीच्या केंद्रकांवरूनच पट्टी आखायची. शिवाय केंद्रक फार उथळ, काही मायक्रोमीटरच रुततं. त्यामुळे जवळजवळ निम्म्या अल्फा समोरून पूर्ण ऊर्जा न देताच निसटतात. त्यांच्यासाठी पुढे सिलिकॉनची पेटी लावतात.

केंद्रकाचा आकार मात्र गॅमा किरणांवरून थेट वाचता येतो. 1999 साली अमेरिकेतल्या अर्गोन प्रयोगशाळेत नोबेलियम-254 च्या गॅमा रेषा मिळाल्या: 159, 214, 267, 318, 366 केईव्ही. मधली अंतरं बघ: 55, 53, 51, 48. जवळजवळ सारखी. गोल वस्तू केंद्रकाच्या जगात स्वतःभोवती फिरताना दिसूच शकत नाही. लांबट असेल तरच असा समान अंतरांचा जिना मिळतो, कारण ऊर्जा I(I+1) च्या प्रमाणात वाढते (I म्हणजे केंद्रकाच्या फिरण्याचं माप). म्हणजे हे केंद्रक रग्बीच्या चेंडूसारखं लांबट आहे. लक्षावधी नको असलेल्या गॅमांतून हे मोजके गॅमा कसे निवडले? टार्गेटपाशी दिसलेला गॅमा तेव्हाच मोजायचा, जेव्हा मागाहून सेपरेटरच्या टोकाला नोबेलियम रुतल्याची खूण मिळेल. पुरावा आधी नोंदवायचा आणि साक्ष नंतर घ्यायची, असा हा प्रकार. याच केंद्रकात 0.27 सेकंद टिकणारी एक अडकलेली अवस्थाही आहे. जोडी मोडून दोन कणांनी आपलं फिरणं एका अक्षावर जुळवलं की केंद्रकाला तिथून खाली येणं अवघड जातं. डार्मस्टॅटियम-270 मध्ये तर ही वरची अवस्था सुमारे 6 मिलिसेकंद टिकते आणि तळाची अवस्था 0.1 मिलिसेकंदच. वरच्या मजल्यावरचा तळातल्यापेक्षा जास्त जगतो! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

आता मोजक्या घटनांचा हिशेब, कारण पुष्कळ हुशार मुलं इथेच घसरतात. समजा एका चौकटीत अल्फासारखी दिसणारी भटकी नोंद सरासरी 1000 सेकंदांत एक येते. तू केंद्रक रुतल्यानंतर 10 सेकंदांची खिडकी ठेवलीस, तर प्रत्येक रुतण्यामागे एक टक्का शक्यता आहे की दिसलेली अल्फा परकी आहे. हजार केंद्रकं रुतली तर दहा खोट्या 'कन्या' मिळतील. म्हणून शोध लागला म्हणण्याआधी असे योगायोग किती होतील, ते कागदावर मांडायचं. आणि एकाच घटनेवरून अर्धायुष्य काढलंस तर त्रुटीची सीमा केवढी? खरं सरासरी आयुष्य मोजलेल्या वेळेच्या निम्म्यापासून जवळजवळ सहापटीपर्यंत कुठेही असू शकतं. ही सीमा दोन्ही बाजूंना सारखी नसते, ती तशीच लिहायची. 1999 मध्ये 118 व्या मूलद्रव्याचा एक दावा झाला होता. इतर प्रयोगशाळांना ते दिसलं नाही, मूळ नोंदी पुन्हा तपासल्यावर त्या साखळ्या सापडल्या नाहीत, आणि दावा मागे घ्यावा लागला. त्या एका प्रसंगाने या क्षेत्राला कच्च्या नोंदी जपायला शिकवलं.

'स्थैर्याच्या बेटा'बद्दल, म्हणजे जास्त टिकणाऱ्या अतिजड केंद्रकांच्या अपेक्षित गटाबद्दल, तू विचारलं नाहीस, तरी थोडक्यात: 184 न्यूट्रॉनांपाशी कवच पुरं भरेल असं बहुतेक प्रतिकृती सांगतात, प्रोटॉनांसाठी 114, 120 की 126, यावर मतभेद आहेत. आज आपल्याकडे जी केंद्रकं आहेत ती बेटाच्या किनाऱ्यावर आहेत, न्यूट्रॉन कमी पडतात. कॅल्शियम-48 ने 118 च्या पुढे जाता येत नाही, कारण कॅलिफोर्नियमपेक्षा जड टार्गेट पुरेसं मिळत नाही. 2024 मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीत टायटेनियम-50 चा झोत प्लुटोनियमवर सोडून लिव्हरमोरियमची (116 वं मूलद्रव्य) दोन केंद्रकं मिळाली, तीही 22 दिवसांत. पुढची वाट त्या बाजूने आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न. हो, शिरता येतं. दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभारलेलं आहे. तिथे आयनांना वेग देणारा 15 दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन आहे, 'हायरा' नावाचा वायूने भरता येणारा सेपरेटर आहे, आणि शंभर न्यूट्रॉन डिटेक्टरांची मांडणी आहे. गॅमा डिटेक्टरांचा राष्ट्रीय संच 'इंगा' मुंबई, दिल्ली आणि कोलकाता इथे वापरला गेला आहे. आपल्याकडे नवं मूलद्रव्य बनत नाही, पण ते बनणं इतकं अवघड का, हे मोजायला आपली यंत्रं उत्तम आहेत. दोन केंद्रकं एकमेकांना चिकटतात, थोडी देवाणघेवाण करतात आणि पुरती मिसळण्याआधीच सुटतात. निघालेले न्यूट्रॉन मोजून त्या भेटीचा काळ ठरवता येतो. नांदेड किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठातून पीएच.डी.ला नाव नोंदवून, मार्गदर्शकांबरोबर बीमटाइमचा (झोतावर काम करायच्या वेळेचा) प्रस्ताव देऊन हे काम करता येतं. शिफ्ट रात्रीच्या असतात. त्या मनापासून कर, डिटेक्टर कसा रुसतो ते तिथेच कळतं.

आणि आपल्या भागाचं या विषयाशी आणखी एक नातं जुळतं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी मिळाल्या आणि पाठोपाठ त्या टकरीतून तयार झालेल्या जड मूलद्रव्यांचा उजेडही दिसला. तो उजेड किरणोत्सारी क्षयातूनच येतो. कॅलिफोर्नियम-254 सारखं, 60 दिवस अर्धायुष्याचं आणि विखंडनाने तुटणारं केंद्रक अशा ठिकाणी तयार झालं, तर आठवड्यांनंतरच्या उजेडात त्याचा वाटा दिसायला हवा. औंढ्याला लहर पकडली जाईल, पण त्या उजेडाचा अर्थ लावायला आपण मोजलेली अर्धायुष्यंच लागतील.

तोवर परभणीतच एक काम कर. विभागातला जीएम काउंटर (किरणोत्सार मोजणारा गायगर-म्युलर गणक) मागून घे. फुगा फुगवून लोकरीवर जोरात घास आणि खालच्या मजल्यावरच्या, हवा खेळती नसलेल्या खोलीत अर्धा तास टांगून ठेव. हिवाळ्यातली कोरडी हवा उत्तम. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूची जन्य केंद्रकं त्याच्यावर जमतील. मग हवा सोडून तो काउंटरच्या खिडकीसमोर ठेव आणि दोन तास, दर दोन मिनिटांची मोजणी वहीत लिही. आधी रिकाम्या काउंटरची पार्श्वभूमी मोजायला विसरू नकोस. लॉग आलेखावर सुरुवातीला सरळ रेषा येणार नाही. शिसं-214 चं अर्धायुष्य 27 मिनिटं, बिस्मथ-214 चं 20 मिनिटं. एक दुसऱ्याला जन्म देतं आहे. त्या वाकड्या रेषेला दोन पिढ्यांचं समीकरण स्वतः बसव. देगलूर-बिलोलीकडे कोणी मित्र असेल तर त्यालाही करायला सांग. आपल्याकडे काळा बेसाल्ट, तिकडे ग्रॅनाइट, आणि ग्रॅनाइटमध्ये युरेनियम जास्त असतं. दोन्ही वह्या घेऊन बसलास की कुठे अडतं ते मला कळव.